वस्तूला दुसरे काम देताना: घरातील जुन्या सामानाच्या पुनर्वापराची पद्धत

पुनर्वापराच्या नावाखाली बहुतेक घरांत जे होते, ते खरे तर साठवण असते. रिकामी बरणी "कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून फडताळात जाते, विरलेली चादर कपाटाच्या तळाशी ढकलली जाते, खोक्यांत खोकी बसवून ती माळ्यावर चढतात, आणि दोन वर्षांनी सारे एकदम भंगारात निघते. यात पैसा वाचत नाही, जागा मात्र जाते. म्हणून या लेखातील सर्व कृतींच्या मुळाशी एकच नियम आहे: वस्तू ठेवण्याआधी तिचे पुढचे काम ठरवावे, आणि काम ठरत नसेल तर ती ठेवू नये.

काम ठरवताना वस्तूच्या आकारापेक्षा ती कशाची बनली आहे याकडे आधी पाहावे लागते. काच, सुती कापड, प्लास्टिक, कागद आणि मेण यांचे गुण वेगवेगळे आहेत, आणि पुनर्वापर फसतो तो बहुधा हे गुण विसरल्यामुळे. सुती कापड पाणी शोषते, पॉलिएस्टर ते नुसते पसरवते. साधी काच वास धरत नाही, पण तापमानातील अचानक बदल सोसत नाही. प्लास्टिक पडले तरी फुटत नाही, पण वास आणि रंग धरून ठेवते. एवढे ध्यानात ठेवले तर निम्म्या युक्त्या कोणी न सांगताही सुचतात.

दुसरी गोष्ट जागेची. प्रत्येक प्रकारासाठी एकच खोके किंवा एकच खण नेमून द्यावा. फडक्यांची पिशवी भरली की नवे फडके आत घालण्यापूर्वी सर्वांत जुने बाहेर काढावे. ही मर्यादा सुरुवातीला जाचक वाटते, पण तीच वस्तू वापरायला भाग पाडते.

काचेच्या बरण्या

घरात येणाऱ्या वेष्टनांपैकी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे झाकणाची काचेची बरणी. मात्र दिसेल ती प्रत्येक बरणी ठेवू नये. ज्यांची झाकणे एकमेकींना बसतात अशा दोनच मापांच्या बरण्या ठेवाव्यात. एक झाकण गंजले तर दुसरे लावता येते, बरण्या फळीवर ओळीने बसतात आणि झाकण शोधण्यात वेळ जात नाही. अरुंद तोंडाच्या बरणीत हात जात नाही, त्यामुळे ती आतून नीट धुतली जात नाही. ती पहिल्याच दिवशी बाजूला काढलेली बरी.

लेबल काढण्यासाठी बरणी तासन् तास पाण्यात बुडवून ठेवण्याची गरज नसते. बरणीत सोसवेल इतके गरम पाणी भरावे, झाकण लावावे आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. आतल्या उष्णतेने बाहेरचा डिंक मऊ होतो. मग लेबलाचा एक कोपरा नखाने उचलून, कागद काचेला जवळजवळ समांतर ठेवत, सावकाश ओढावा. घाईने वर खेचला तर कागदाचा वरचा थर सुटतो आणि खालचा पांढरा थर काचेवरच राहतो. तरीही उरलेल्या चिकट डागावर खाण्याचे तेल आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात कालवून केलेला लेप लावावा, पंधरा मिनिटे थांबावे आणि फडक्याने गोलाकार घासावे. बहुतेक लेबलांचा डिंक पाण्यात विरघळत नाही, तेलात मात्र सैल होतो. सोड्याचे बारीक कण त्याला खरवडून काढतात. शेवटी साबणाने धुतले की काच लख्ख होते.

निर्जंतुक करण्याच्या पायरीवर माझी एक चांगली बरणी गेली. ती धुऊन थंड ओट्यावर ठेवली होती आणि मी तिच्यात उकळते पाणी ओतले. टक्क असा बारीक आवाज झाला, बुडाशी गोल चीर गेली आणि पाणी ओट्यावर पसरले. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काचेच्या तुलनेत साधी काच उष्णतेने जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. उकळत्या पाण्याने आतला थर एकदम फुगतो, बाहेरचा थंड थर तसाच राहतो, आणि त्या ताणाने काच तडकते. म्हणून पातेल्याच्या तळाशी जुने फडके घालावे, त्यावर बरण्या ठेवाव्यात, त्या बुडतील इतके कोमट पाणी ओतावे आणि मग आच द्यावी. पाण्याला उकळी फुटल्यावर दहा मिनिटे उकळू द्यावे, गॅस बंद करावा आणि पाणी जरा निवल्यावर बरण्या काढून कोरड्या कापडावर उपड्या ठेवाव्यात. थंड फरशीवर किंवा ओल्या ओट्यावर त्या ठेवू नयेत.

पाणी निथळल्यावर बरण्या सुलट करून रात्रभर उघड्या राहू द्याव्यात. बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या बरणीच्या आतील खांद्यापाशी ओल राहते, आणि तेवढ्या ओलीनेही आत भरलेल्या कोरड्या जिन्नसाला बुरशी येऊ शकते.

झाकणाचा वास ही वेगळी अडचण आहे. झाकणाच्या आतल्या मऊ पट्टीत मसाल्याचा किंवा लोणच्याचा वास मुरतो. सोड्याच्या पाण्यात झाकण रात्रभर ठेवून दोन दिवस उन्हात टाकावे. तरीही वास गेला नाही, तर त्या बरणीला खिळे, बटणे किंवा सुतळीचे काम द्यावे आणि खाण्याच्या पदार्थांपासून ती कायमची वेगळी करावी. एकदा वापरलेल्या झाकणाची पट्टी दाबली गेलेली असते, त्यामुळे हवाबंद करून महिनोन् महिने टिकवायच्या पदार्थांसाठी अशा झाकणावर विसंबू नये. कोरड्या जिन्नसांना ते पुरेसे आहे. फ्रीझरमध्ये ठेवायची बरणी सरळ भिंतींची असावी आणि वर दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि खांदा असलेल्या बरणीत ते नेमके खांद्याशी अडते.

विरलेली चादर उलटून शिवणे

चादर फाटण्याआधी विरते, आणि ती विरते मधोमध. झोपणाऱ्याचे अंग तिथेच घासले जाते, गादीखाली खोचलेल्या दोन्ही बाजू मात्र नव्यासारख्या राहतात. या साध्या निरीक्षणावर एक जुनी शिवणरीत उभी आहे: चादर उभी मधून कापायची, बाहेरच्या भक्कम कडा मध्यभागी आणून जोडायच्या आणि विरलेला भाग बाहेर न्यायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांवर शिधावाटप लागू झाले, ते १९४९ पर्यंत चालले. त्या वर्षांत तिथल्या घरोघरी चादरी अशा उलटून शिवल्या जात. मला ही घरातली सर्वांत समाधान देणारी दुरुस्ती वाटते, कारण एका दुपारच्या कामात चादरीला आणखी काही वर्षे मिळतात.

आधी चादर धुऊन, वाळवून खिडकीच्या उजेडासमोर धरावी. विरलेला पट्टा झिरझिरीत दिसतो आणि त्याची रुंदी नेमकी कळते. बोटांनी दोन्ही बाजूंना हलकेच ताणून पाहावे. तेवढ्यानेच धागे सरकू लागले तर तो भाग शिवण धरणार नाही, असे समजावे. चादर लांबीत दुमडून मध्यरेषा काढावी, एका टोकाला कात्रीने चार बोटे काप द्यावा आणि तिथून चादर दोन्ही हातांनी फाडावी. साध्या विणीचे सुती कापड धाग्याच्या ओळीत सरळ फाटते, कात्रीने इतकी सरळ रेषा येत नाही.

आता दोन्ही तुकड्यांची बाहेरची किनार समोरासमोर आणावी. किनार मुळात विणलेली असल्याने उसवत नाही, त्यामुळे ती दुमडण्याची गरज नाही. एका किनारीवर दुसरी अर्धा सेंटिमीटर चढवावी, टाचण्या लावाव्यात आणि दोन समांतर शिवणी घालाव्यात. अशी सपाट जोडणी पाठीला टोचत नाही. नेहमीसारखी उलट बाजूने शिवण घातली तर मधोमध कणा तयार होतो आणि रात्रभर जाणवत राहतो. किनारीच्या जागी शिवलेली दुमडपट्टी असेल तर ती आधी उसवून इस्त्री करून घ्यावी.

जोडणी झाल्यावर विरलेले भाग दोन्ही बाहेरच्या कडांना आलेले असतात. त्यातला अगदी झिरझिरीत पट्टा कापून टाकावा आणि राहिलेल्या कडेला एक सेंटिमीटरची दुहेरी दुमडपट्टी घालावी. दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा सेंटिमीटर गेले तर चादरीची रुंदी सुमारे तीस सेंटिमीटरने कमी होते, म्हणजे मोठ्या पलंगाची चादर लहान पलंगाला जाते. छापील नक्षीच्या चादरीत मधोमध नक्षी तुटलेली दिसते. ते खटकत असेल तर ती गादीवर आतल्या अस्तरासारखी घालावी आणि वर दुसरी चादर पसरावी. इलॅस्टिक लावलेल्या चादरीवर ही रीत चालत नाही. तिच्या बाजूंच्या पट्ट्यांतून उश्यांचे अभ्रे निघतात.

कपड्यांपासून फडकी

फडके सुतीच हवे. कापड सुती आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो लगेच मुरला तर कापड कामाचे आहे, मण्यासारखा वर बसून राहिला तर नाही. शंका उरल्यास कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून सिंकमध्ये जाळून पाहावेत. सूत कागदासारखा वास देत जळते आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी बनते.

कापण्याआधी बटणे, चेन, हुक आणि नाड्या काढून घ्याव्यात. बटणे काढताना एका शर्टाची सगळी बटणे एकाच धाग्यात ओवून ठेवली तर पुढे पूर्ण संच हाताशी राहतो. सुटी बटणे डब्यात टाकली की जोडीचे बटण कधीच सापडत नाही. जाड शिवणी कापून वेगळ्या कराव्यात, कारण त्या काचेवर आणि लाकडावर ओरखडे काढतात.

फडक्याचे सोयीचे माप तीस सेंटिमीटरचा चौकोन. असा चौकोन दोनदा दुमडला की हाताच्या तळव्याएवढा होतो, आणि घड्या फिरवत गेल्यास धुण्यापूर्वी त्याच्या आठ स्वच्छ बाजू वापरता येतात. टी-शर्टचे विणलेले कापड कडांना उसवत नाही, म्हणून ते शिवल्याशिवाय वापरता येते. धुताना कापड मऊ करणारे द्रव घालू नये, त्याने धाग्यांवर लेप बसतो आणि फडक्याची शोषण्याची ताकद कमी होते. मऊ टी-शर्ट काच आणि स्क्रीन असलेल्या उपकरणांना, जुने टॉवेल सांडलेले पाणी टिपायला, आणि जोडी हरवलेले मोजे हातात चढवून खिडकीच्या गजांची धूळ पुसायला ठेवावेत. स्वयंपाकघराचे आणि न्हाणीघराचे फडके कधीही एकत्र होऊ नये म्हणून एका गटाच्या कोपऱ्याला रंगीत धाग्याचा टाका घालावा.

टी-शर्टच्या धडाच्या दोन-तीन सेंटिमीटर रुंद आडव्या पट्ट्या कापून ताणल्या की कडा आपोआप आत वळतात आणि मऊ दोरी तयार होते. रोपांना आधाराची काठी बांधायला याहून चांगली दोरी नाही, कारण सुतळीसारखी ती कोवळ्या खोडाला कापत नाही.

प्लास्टिकचे डबे आणि बाटल्या

प्लास्टिकच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक अंक असतो आणि त्यावरून पदार्थ कळतो. १ म्हणजे पेट, २ म्हणजे जाड दुधट एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पाण्याच्या पातळ बाटल्या पेटच्या असतात आणि साधारण ७० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागतात, म्हणून त्यांत गरम काहीही ओतू नये. अंक ५ असलेले खाद्यपदार्थांचे डबे कोरड्या जिन्नसांसाठी पुन्हा वापरता येतात. आतून ओरखडे पडले की ते अन्नासाठी बाद समजून खिळे-स्क्रू किंवा शिवणसामान ठेवायला घ्यावेत.

पेटच्या एक किंवा दोन लिटरच्या बाटलीचा मला पटलेला उपयोग म्हणजे स्वतः पाणी ओढणारी कुंडी. बाटली वरून एक तृतीयांशावर आडवी कापावी. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडावे. हे काम खिडकीशी करावे, कारण धूर निघतो. भोकातून वीसेक सेंटिमीटर लांब सुती पट्टी ओवून आतल्या बाजूला गाठ मारावी, म्हणजे ती निसटत नाही. वरचा भाग उपडा करून खालच्या भागात बसवावा, पट्टीचे एक टोक मातीत वरपर्यंत येईल आणि दुसरे खालच्या पाण्यात बुडेल असे पाहावे. माती भरून पहिल्यांदा वरून पाणी द्यावे, कारण कोरडी पट्टी पाणी चढवायला लागत नाही. त्यानंतर केशाकर्षणाने पाणी हळूहळू वर येते. खालच्या भागाला बाहेरून जाड कागद गुंडाळावा. उजेड मिळाला की पाण्यात शेवाळ धरते. दोन भागांत फट राहिली तर तिथून डास शिरतात, म्हणून ती चिकटपट्टीने बुजवावी.

मुठीच्या एचडीपीई कॅनचे झाकण घट्ट लावून बूड तिरके कापले की माती भरण्याचे उत्तम फावडे मिळते. कापडधुणीच्या द्रवाचा कॅन कितीही धुतला तरी धान्यासाठी तो घेऊ नये.

साबण, मेणबत्ती आणि किरकोळ वस्तू

साबणाच्या चिपा जाळीच्या पिशवीत किंवा पातळ मोज्यात भरून वर गाठ मारावी. शेवटच्या कणापर्यंत फेस येतो. चिपा किसून पाण्यात विरघळवून द्रव साबण करण्याची कृती सर्वत्र सांगितली जाते, पण घरी केलेल्या द्रवात परिरक्षक नसते आणि त्यात जंतू वाढू शकतात. करायचाच तर आठवडाभरात संपेल इतकाच करावा.

मेणबत्तीचे तुकडे वितळवताना ते थेट आचेवर कधीही ठेवू नयेत. पातेल्यात पाणी उकळवावे, त्यात मेणाचा डबा ठेवावा आणि तो सोडून जाऊ नये. मेण फार तापले तर पेट घेते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकले तर ज्वाळा उसळते. अशा वेळी आच बंद करून वर झाकण टाकावे. नवी मेणबत्ती करायची नसेल तर तुकडा तसाच ठेवावा. अडकणाऱ्या चेनच्या दातांवर किंवा कुरकुरणाऱ्या लाकडी खणाच्या पट्टीवर तो चार वेळा घासला की काम होते.

जुना टूथब्रश नळाची जाळी, फरशीच्या फटी आणि शिवणयंत्राचे दात साफ करायला ठेवावा, आणि मुठीला दोरा बांधावा, म्हणजे तो चुकूनही दाताच्या ब्रशांत जात नाही. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दर दोन तासांनी बदलावेत. छापील कागदावर गरम किंवा तेलकट पदार्थ मात्र ठेवू नयेत, कारण शाई पदार्थात उतरते. गरम पाण्याची वाट पाहताना नळातून वाहून जाणारे थंड पाणी बादलीत धरावे. एअर कंडिशनरमधून ठिबकणारे पाणी क्षारमुक्त असल्याने फरशी पुसायला चांगले, पण ते पिऊ नये.

पुष्कळ ठिकाणी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सफाईद्रव्य बनवायला सांगतात. फसफस दिसते, पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते मुख्यतः खारट पाणी. ते वेगवेगळे वापरावेत: तेलकट डागाला सोडा, क्षाराच्या पांढऱ्या थराला व्हिनेगर.

काय ठेवू नये

कीटकनाशके, रंग आणि ॲसिड यांचे डबे धुऊनही वापरू नयेत. पेयाच्या बाटलीत सफाईद्रव्य भरणे ही घरातली सर्वांत धोक्याची काटकसर आहे. बाटलीवर नाव लिहिले तरी लहान मूल ते वाचत नाही, आणि मोठा माणूसही अंधारात वाचत नाही. ब्लीच असलेल्या बाटलीत व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल गेले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन. ट्यूबसारख्या कॉम्पॅक्ट फ्लूरोसंट दिव्यांत पारा असतो, म्हणून त्यांच्या काचेपासून शोभेच्या वस्तू करू नयेत. बुटांच्या खोक्यातील सिलिका जेलच्या पुड्या हत्यारांच्या पेटीत ओल शोषायला ठेवाव्यात, पण रंग बदलणारे निळे दाणे असतील तर हात लावू नये. त्यांत कोबाल्ट क्लोराइड असू शकते.

लाकूडकामाला जवसाचे तेल लावलेले फडके पिशवीत किंवा कचरापेटीत चुरगळून टाकू नये. हे तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडते, चुरगळलेल्या कापडात ती कोंडते आणि ठिणगीशिवायही कापड पेटू शकते. असे फडके घराबाहेर दगडावर किंवा दोरीवर एकपदरी पसरावे, ते कडक होईपर्यंत वाळू द्यावे आणि मगच कचऱ्यात टाकावे.